बाहेरचा आवाज घरांत कां येत नाहीं?



रेडिओवरील भाषण हा एकमार्गी व्यवहार आहे. मी बोलतों आणि आपण ऐकतां. मध्येंच आपणांस कांहीं विचारावेंसें वाटलें तरी तो प्रश्न माझ्यापर्यंत पोंचत नाहीं. आजचा विषय नेमका याच्या उलट आहे. ज्या बैठकींत प्रत्येक जण बोलतो आणि प्रत्येक जण ऐकतो, अशी आवाजी संभाषणाची बैठक पुष्कळ लोक हल्लीं स्वतःच्या घरांतील संगणकावर भरवितात. मुलगा बंगळूरला, मुलगी मेलबर्नला आणि आईवडील साताऱ्याला, असें पांगलेलें एखादें कुटुंब असतें. निरनिराळ्या गांवीं नोकरी करून रात्रीं संहितेचें वाचन करणारें एखादें हौशी नाट्यमंडळ असतें. अशांना ही सोय फार उपयोगी पडते. चित्र पाठविण्याची दगदग नाहीं, इंटरनेट मंद असलें तरी आवाज पोंचतो, आणि बैठक घरची असल्यामुळें तींत कोणाला घ्यावयाचें व कोणाला नाहीं हें घरचा माणूसच ठरवितो.

परंतु या घरच्या बैठकीला एक ठरलेलें दुखणें आहे. घरांतल्या घरांत सर्व कांहीं ठाकठीक चालतें. बाहेरगांवच्या माणसाला मात्र आंत येतां येत नाहीं. घरचा म्हणतो, "माझें यंत्र चालूं आहे." बाहेरचा म्हणतो, "तुझें दार बंद आहे." दोघेही खरें बोलत असतात. मग चिडून घरचा मनुष्य एकेक संरक्षण काढून टाकूं लागतो, सगळीं दारें सताड उघडतो, आणि तरीही पाहुणा बाहेरच राहतो. चोराला मात्र वाट मोकळी होते. हें टाळावयाचें असेल तर दोष कोठें आहे हें अगोदर शोधिलें पाहिजे, आणि तें शोधण्याची रीति अवघड नाहीं. तिला फक्त क्रम लागतो.

उदाहरणासाठीं आपण 'मंबल' नांवाचा कार्यक्रम घेऊं. २००५ सालीं सुरू झालेला हा कार्यक्रम विनामूल्य असून त्याची घडण सर्वांना पाहण्यास खुली आहे. त्याच्या सर्व्हरला, म्हणजे बैठक भरविणाऱ्या भागाला, पूर्वीं 'मर्मर' असें म्हणत. दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ पुटपुटणें असाच आहे. आवाज मात्र स्पष्ट येतो. हा सर्व्हर सामान्यतः ६४७३८ या क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसतो. दुसरा कोणताही कार्यक्रम असला तरी क्रमांक बदलेल, विचार तोच राहील.

आतां पोर्ट म्हणजे काय आणि पत्ता म्हणजे काय, हें समजण्यासाठीं एक जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. वाड्याला रस्त्यावरचा एक पत्ता आहे. आंत अनेक खोल्या आहेत. टपालवाल्याला फक्त वाडा ठाऊक. आंतल्या खोल्या ठाऊक असतात त्या देवडीवरील पहारेकऱ्याला. आपल्या घरांतील राउटर हा तो पहारेकरी होय. घरांतील संगणकाला १९२.१६८.१.२० यासारखा जो पत्ता असतो, तो खोलीचा क्रमांक आहे. खोली क्रमांक सात जशी गांवांतील प्रत्येक वाड्यांत असते, तसे हे पत्ते जगांतील कोट्यवधि घरांत एकाच वेळीं असतात. ते बाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नाहीं. पाहुण्याला द्यावयाचा तो वाड्याचा पत्ता, म्हणजे इंटरनेट कंपनीनें आपल्या जोडणीला दिलेला सार्वजनिक पत्ता. पोर्ट म्हणजे पाकिटावर लिहिलेला विषयाचा क्रमांक. तो पाहून आंतील संगणक तें पाकीट योग्य कार्यक्रमाच्या हातीं देतो.

पहारेकऱ्याची शिस्त अशी कीं, आंतून कोणी पत्र धाडलें तर तो त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलें कीं त्या खोलींत पोंचवितो. म्हणूनच आपण बाहेरचीं पानें विनासायास वाचूं शकतों. परंतु न मागतां बाहेरून आलेलें पाकीट कोणाचें हें त्याला कळत नाहीं. तो तें टाकून देतो. बैठकीला येणारा पाहुणा हा नेमका असा न बोलावितां आलेल्या पाकिटासारखा असतो. त्याच्यासाठीं पहारेकऱ्याला कायमची सूचना द्यावी लागते कीं, "६४७३८ क्रमांकाचें जें येईल तें विसाव्या खोलींत पाठीव." या सूचनेला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

ही सारी यातायात कां निर्माण झाली, हेंही थोडक्यांत सांगतों. १९८१ सालीं ठरलेल्या पद्धतींत पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ इतकीच होती. त्या काळीं ती अमाप वाटली. पुढें घरोघर यंत्रें आलीं आणि ती अपुरी पडूं लागली. १९९६ सालीं १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांपासून सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठीं म्हणून निश्चित करण्यांत आले. तरीही टंचाई मिटली नाहीं. फेब्रुवारी २०११ मध्यें जागतिक कोठारांतील शेवटचे गट वांटून संपले. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां प्रत्यक्ष शोधाकडे वळूं. पाहुण्याच्या वाटेवर चार उंबरठे आहेत: स्वतः सर्व्हर, त्या संगणकाची फायरवॉल, घरचा राउटर आणि इंटरनेट कंपनीचें जाळें. शोध नेहमीं आंतून बाहेर करावा. जो उंबरठा ओलांडला जातो तो निर्दोष ठरतो आणि पुन्हां त्याकडे पाहावें लागत नाहीं.

पहिली परीक्षा त्याच संगणकावर बसून करावयाची. १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक यंत्राचा स्वतःशीं बोलण्याचा पत्ता आहे. त्यावर जोडणी होत नसेल तर सर्व्हर चालूंच नाहीं. बाकीचें सर्व व्यर्थ आहे. दुसरी परीक्षा घरांतील दुसऱ्या यंत्रावरून, उदाहरणार्थ त्याच वायफायवरील मोबाईलवरून, १९२.१६८.१.२० हा आंतला पत्ता देऊन करावी. पहिली जमली आणि दुसरी फसली, तर दोन संशयित उरतात. एक म्हणजे सर्व्हरच्या मांडणींत फक्त १२७.०.०.१ वरच ऐकावें असें लिहिलेलें असणें. तें काढून सर्व पत्त्यांवर ऐकण्यास सांगावें. दुसरा म्हणजे संगणकाची फायरवॉल. विंडोजमध्यें घरचें जाळें चुकून 'पब्लिक' म्हणून नोंदलेलें असतें, आणि मग तें यंत्र स्टेशनवर बसल्याप्रमाणें कोणाशींही बोलत नाहीं. अशा वेळीं फायरवॉल समूळ बंद करूं नये. त्या एका कार्यक्रमाला किंवा त्या एका पोर्टला मुभा द्यावी.

या दोन परीक्षा उतरल्या म्हणजे राउटरकडे जावें. येथें तीन गोष्टी पाहाव्यात. सूचनेंत लिहिलेली खोली आणि संगणक आज ज्या खोलींत आहे ती, या दोन्ही एकच आहेत काय? राउटर खोल्या वांटतो आणि वीज जाऊन आली कीं कित्येकदां निराळी खोली देतो. काल चाललेली बैठक आज अकस्मात् बंद पडते, तिचें हें एक अगदीं सामान्य कारण आहे. राउटरमध्येंच त्या संगणकासाठीं एक पत्ता राखून ठेविला कीं हा प्रश्न कायमचा मिटतो. दुसरें, क्रमांक बरोबर आहे काय? आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें, दोन्ही पद्धतींना वाट दिली आहे काय?

पाकिटें पाठविण्याच्या दोन पद्धति आहेत. टीसीपी ही नोंदणीकृत टपालासारखी: प्रत्येक पाकिटाची पोंच घेतली जाते, हरवलें तर पुन्हां पाठविलें जातें, क्रम मोडत नाहीं. यूडीपी ही साध्या टपालासारखी: धाडलें आणि मोकळे झालों. आवाजाला ही दुसरी पद्धतच सोयीची. कारण बोलतांना एखादें अक्षर गळलें तर चालतें, पण त्यासाठीं सारें संभाषण थांबवून मागचें अक्षर आणवीत बसणें चालत नाहीं. मंबल ओळखपाळख, खोल्या आणि लेखी निरोप यांसाठीं टीसीपी वापरतो आणि आवाजासाठीं यूडीपी. दोन्ही एकाच ६४७३८ या क्रमांकावर. फक्त यूडीपीला वाट दिली तर पाहुणा आंतच येत नाहीं. फक्त टीसीपीला दिली तर तो आंत येतो, आणि मंबल आवाजही नाइलाजानें टीसीपीमधूनच नेतो; बोलणें चालतें, परंतु इंटरनेट जरा अडखळलें कीं आवाज तुटतो, मागें राहतो, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणें होतें. कुटुंबाला वाटतें कीं मेलबर्न दूर आहे म्हणून असें होतें. दोष मेलबर्नचा नसतो. राउटरमधील एका ओळीचा असतो. मंबलमधील सर्व्हरविषयींच्या माहितीच्या खिडकींत आवाज कोणत्या पद्धतीनें जात आहे हें दिसतें. तें एकदां पाहावें. याउलट 'टीमस्पीक ३' या कार्यक्रमाचा आवाज सामान्यतः ९९८७ या यूडीपी पोर्टवर येतो. तेथें केवळ टीसीपीची वाट दिली तर पाहुण्याला प्रवेशच मिळत नाहीं.

राउटरची सूचना लिहून झाल्यावर परीक्षा कशी करावी? येथें बहुतेकांची फसगत होते. घरांत बसून, घरच्याच वायफायवरून, वाड्याचा बाहेरचा पत्ता घालून ते पाहतात. जोडणी होत नाहीं आणि ते म्हणतात कीं सूचना चुकली. वस्तुतः पुष्कळ राउटरांना आंतून निघून स्वतःच्याच दारावरून परत आंत वळणें साधत नाहीं. ही परीक्षा खरोखरच बाहेरून झाली पाहिजे. मोबाईलचें वायफाय बंद करून मोबाईल कंपनीच्या डेटावरून पाहावें, किंवा दुसऱ्या गांवच्या मित्राला विनंती करावी. पोर्ट उघडें आहे कीं नाहीं हें सांगणारीं संकेतस्थळें असतात. परंतु तीं बहुधा टीसीपीच तपासतात, आणि तेंही सर्व्हर त्या क्षणीं चालूं असेल तरच खरें उत्तर देतात.

पाहुण्याला मिळणारें उत्तरही बोलकें असतें. जोडणी तत्काळ "नाकारली" असें आलें तर पाकीट कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोंचलें आहे, पण तेथें त्या क्रमांकावर कोणी ऐकत नाहीं. सर्व्हर बंद असेल, क्रमांक चुकला असेल, किंवा राउटरनें स्वतःच तसें उत्तर दिलें असेल. उलट पुष्कळ वेळ वाट पाहून "वेळ संपली" असें आलें, तर बहुधा पाकीट वाटेंत कोणीं तरी मुकाट्यानें गिळलें आहे. तें फायरवॉलचें, न दिलेल्या सूचनेचें किंवा चुकीच्या पत्त्याचें काम असतें. म्हणून पाहुण्याला "येतां येत नाहीं" एवढेंच सांगूं देऊं नका. नेमके कोणते शब्द दिसले आणि किती वेळानें दिसले, हें विचारा.

याहूनही निर्णायक अशी एक परीक्षा आहे. सर्व्हरच्या संगणकावर 'वायरशार्क' किंवा 'टीसीपीडंप' यांसारखा कार्यक्रम लावून ६४७३८ क्रमांकाचीं पाकिटें येतांना पाहावीं आणि त्याच वेळीं बाहेरच्या मित्राला प्रयत्न करावयास सांगावें. पाकीट दिसलें तर राउटर आणि कंपनी दोघेही निर्दोष आहेत. दोष त्याच संगणकांत, नाहीं तर उत्तर परत जाण्याच्या वाटेंत आहे. पाकीट दिसलेंच नाहीं तर संगणकावरील मांडणी शंभर वेळां बदलूनही फळ मिळणार नाहीं. पांच मिनिटांची ही परीक्षा कित्येक रात्रींचा त्रास वांचविते.

आतां चौथा उंबरठा. राउटरच्या पानावर इंटरनेटकडील बाजूचा पत्ता लिहिलेला असतो. तो पाहून ठेवावा. नंतर एखाद्या संकेतस्थळावर "माझा पत्ता काय" असें विचारून तेथें दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहींत, तर आपला वाडा रस्त्यावर नसून दुसऱ्या कोणत्या तरी वाड्याच्या आंत आहे. राउटरवरील पत्ता १९२.१६८ पासून सुरू होत असेल तर बहुधा कंपनीनें बसविलेलें यंत्र हाही एक राउटर आहे आणि आपण त्यामागें दुसरा लावला आहे. देवड्या दोन झाल्या, सूचना एकीलाच दिली. अशा वेळीं पहिलें यंत्र 'ब्रिज' पद्धतीवर ठेवावें, किंवा दोन्ही ठिकाणीं सूचना लिहावी.

परंतु राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यांतील असेल तर गोष्ट निराळी आहे. मघाशीं सांगितलेल्या टंचाईमुळें एप्रिल २०१२ मध्यें हा पट्टा खास इंटरनेट कंपन्यांसाठीं राखण्यांत आला. अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याची ही व्यवस्था आहे. पूर्वीं सबंध चाळींत मिळून एकाच बिऱ्हाडीं टेलिफोन असे, त्यांतला हा प्रकार. कांहीं कंपन्या यासाठीं १० पासून सुरू होणारेही पत्ते वापरतात. अशा घरीं राउटरवर कितीही सूचना लिहिल्या तरी उपयोग नाहीं, कारण खरा पहारेकरी कंपनीच्या इमारतींत बसलेला आहे आणि तो आपल्या हुकमांतला नाहीं. हें ज्याला ठाऊक नसतें तो आपलें अज्ञानच याला कारण आहे असें समजून महिनोन्‌महिने झटत राहतो. ठाऊक असतें तो दहा मिनिटांत थांबतो आणि दुसरी वाट धरतो.

त्या वाटा कोणत्या? पहिली, कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागणें. अनेक कंपन्या जादा आकार घेऊन तो देतात. "माझें पोर्ट चालत नाहीं" अशी तक्रार केल्यास दूरध्वनीवरील माणसाला कांहींच बोध होत नाहीं. "मला सार्वजनिक आयपी पत्ता पाहिजे" असें नेमकें मागावें. दुसरी वाट आयपीव्ही६ या नव्या पत्त्यांची. हे पत्ते इतके विपुल आहेत कीं प्रत्येक खोलीला रस्त्यावरचा स्वतंत्र पत्ता मिळतो. मात्र पाहुण्याकडेही तीच सोय असली पाहिजे, आणि राउटरच्या फायरवॉलमध्यें तेथेंही मुभा द्यावी लागते. पत्ता मिळाला म्हणजे दार उघडलें असें नव्हे. तिसरी वाट खाजगी बोगद्याची. 'वायरगार्ड', 'टेलस्केल' यांसारख्या साधनांनीं सर्व सभासदांचीं यंत्रें एका खाजगी जाळ्यांत आणतां येतात. मग बाहेर कोणतेंच दार उघडावें लागत नाहीं. वायरगार्डला मात्र निदान एक टोंक बाहेरून गांठतां येण्याजोगें लागतें. आठ-दहा माणसांच्या कुटुंबाला हा उपाय पुष्कळदां सर्वांत निर्धोक ठरतो. यांपैकीं कांहींच न जमल्यास बाहेर एखादा लहानसा सर्व्हर भाड्यानें घेऊन बैठक तेथें हलवावी. त्यांत कमीपणा नाहीं. घर बदललें तरी माणसें तींच राहतात.

सार्वजनिक पत्ता असूनही तो वेळोवेळीं बदलत असेल, तर पाहुणे कालच्याच दारावर टकटक करीत राहतात. यासाठीं डायनॅमिक डीएनएस नांवाची सोय आहे. पाहुण्यांना एक नांव द्यावयाचें. पत्ता बदलला कीं त्या नांवापुढील नोंद आपोआप बदलते.

शेवटीं सावधगिरीचे दोन शब्द. कांहीं राउटरांत 'डीएमझेड' असें एक कलम असतें. तें लावलें कीं बाहेरून येणारें सर्व कांहीं त्या एका संगणकाकडे जातें. परीक्षेसाठीं म्हणूनही तें लावूं नये, आणि लावलें असल्यास विसरूं नये. ज्या संगणकावर घरचे हिशेब आणि छायाचित्रें आहेत, त्याच्या सर्व खिडक्या एका पाहुण्यासाठीं उघडणें शहाणपणाचें नव्हे. एकच पोर्ट उघडावें, बैठकीला परवलीचा शब्द ठेवावा, व्यवस्थापकाच्या खात्याचा शब्द कोणाला देऊं नये, आणि सर्व्हरची नवी आवृत्ति येतांच ती घ्यावी. शोध चालूं असतां एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललें तें कागदावर टिपून ठेवावें; नाहीं तर बैठक सुरू होते, पण ती कशानें सुरू झाली हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

इंटरनेटची मूळ कल्पना अशी होती कीं त्याला जोडलेलें प्रत्येक यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राशीं बरोबरीच्या नात्यानें बोलूं शकेल. पत्त्यांची टंचाई आणि चोरांची भीति यांमुळें बहुतेक घरें आज केवळ ऐकणारीं आणि पाहणारीं झालीं आहेत. दुसऱ्यांना आपल्याकडे बोलवावयाचें तर एखाद्या मोठ्या कंपनीच्या दिवाणखान्यांत बोलवावें लागतें. ज्या घरांत एखादी आई आपल्याच संगणकावर भरलेल्या बैठकींत मुलांचे आवाज ऐकते, त्या घरानें आपल्या दाराची किल्ली आपल्या हातीं राखली आहे. त्यासाठीं लागणारें ज्ञान विशेषज्ञाचें नाहीं. कोणता उंबरठा ओलांडला आणि कोणता उरला, एवढें क्रमानें पाहतां आलें कीं पुरे.